अकरा आणि साडेअकरा

आटे असलेला लोखंडाचा कुठलाही तुकडा हातात आला की हबीब मिस्त्री आधी उन्हात जायचे. दोन नळ जोडायचा नवा निप्पल असो, जुना बोल्ट असो, नाहीतर कुणाच्या घरचा गळका नळ. खिशातून ओळखीचा एक तुकडा काढायचा, दोन्हींचे आटे एकमेकांत दातांसारखे बसवायचे, एक डोळा मिटायचा आणि ती जोडी सूर्यासमोर धरायची. मधून उजेड दिसला नाही तर ते नुसतं "हौ" म्हणत. दिसला तर जी शिवी देत ती इथं छापता येणार नाही, आणि ती त्या लोखंडाला नसून ते विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना असे.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते असेच उन्हात उभे असताना. मी नुकताच ओव्हरसियर म्हणून औरंगाबादला रुजू झालो होतो, कपड्यांना अजून इस्त्री होती. मी विचारलं, "मिस्त्री, काय बघताय?" डोळा न उघडता ते म्हणाले, "झूट कित्ता हाय ते बघतो."

आपण ज्याला आटे म्हणतो त्याला ते चूडी म्हणत. शांत असले की मराठी बोलत, रागावले की दखनी. त्यामुळे आमच्या खात्यात दखनीच जास्त ऐकू यायची. खात्याचं नाव मी लिहीत नाही. खात्याच्या अहवालात त्यांचं नाव फक्त एकदाच आलं, ते कशासाठी हे पुढं येईलच.

त्यांचा एक नियम होता. कुठलीही जोडणी आधी कोरडी, नुसत्या हातानं फिरवायची. पाच चूडी हातानं आत गेल्या तर मग आट्यांवर सूत, मग फट बुजवायला सफेदा, आणि सगळ्यात शेवटी पान्हा. "पाना गूंगा हाय, साब," ते म्हणायचे. "तो 'ना' बोलत नै. हात बोलतो." एकदा एका पोरसवदा फिटरनं आधीच पान्हा लावला, तर त्यांनी तो त्याच्या हातातून हिसकावून शेजारच्या विहिरीत फेकला. वर त्यालाच सांगितलं, "जा, काढ. पाण्यात हात घालशील तवा हाताची याद येईल."

गुलमंडीतल्या एका कापडवाल्याच्या घरी दुसऱ्या कुणीतरी केलेली नळाची नवीकोरी लाइन त्यांनी उचकटून टाकली होती. कापडवाला ओरडायला लागला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "तुमी गज म्हणून पाऊण गज मोजता का? नै ना? मग माझ्या म्होरं वरडू नका." त्याच गुलमंडीत मुलीसाठी कंगवा घेताना त्यांनी दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालून उन्हाला धरले होते. दुकानदार वैतागून म्हणाला, "मिस्त्री, कंगवा आहे तो, नळ नाही." मिस्त्रींनी कंगवा परत ठेवला आणि दुसऱ्या दुकानात गेले. हा किस्सा लोक हसत सांगत. मीही हसलो आहे. आता हसू येत नाही.

पोलीस ॲक्शनच्या आधी, मिसरूड फुटायच्या वयात, ते शहरातल्या एका सरकारी कारखान्यात लागले होते. उस्ताद वेताची छडी घेऊन शिकवायचा. ॲक्शननंतर कारखाना नव्या लोकांच्या ताब्यात गेला, माणसांच्या नव्या याद्या झाल्या. ज्यांच्याकडे कागद होते ते यादीत गेले. त्या वर्षी या शहरात कुणाकडे कागद उरले आणि कुणाकडे नाही, ते शहराला ठाऊक आहे. मिस्त्रींकडे हात उरले होते. त्या हातांवर त्यांनी आमच्या खात्यात पंचवीसहून जास्त वर्षं रोजंदारी केली. दर दोन-चार वर्षांनी त्यांना कायम करायची फाइल वर जायची आणि कुणीतरी 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारून ती खाली पाठवायचा. मी आलो त्या सुमारास ती पुन्हा एकदा वर गेली होती. या वेळी शेरा नव्हता, सही तेवढी व्हायची होती. मिस्त्री रोज बाबूच्या टेबलाजवळून जायचे, पण विचारायचे नाहीत. एकदाच मला म्हणाले, "साब, मरायच्या आदी एक दिवस तरी कायम असावं माणसानं."

तेव्हा पैठणच्या धरणाचं पाणी नुकतंच चढलं होतं. पलीकडच्या चार वस्त्यांचा रस्ता पाण्याखाली गेला होता. त्यांचा दवाखाना, बाजार, पोरांची शाळा, सगळं अलीकडच्या काठाला राहिलं. त्या लोकांसाठी म्हणून एक मोटारनाव मंजूर झाली. तिचं इंजिन तापू नये म्हणून तळाला एक इंची भोक पाडून नळ बसवला होता. त्या नळातून तलावाचं पाणी ओढून एक पंप ते इंजिनाभोवती फिरवायचा. तो पंप बंद पडला आणि नाव काठाला पडून राहिली. पलीकडची माणसं रोज आपल्या काठाला येऊन बघायची. दोन महिन्यांनी नवा पंप आला, तो अमेरिकेचा, लाकडी खोक्यात, भुश्शात बसवलेला.

मी आणि मिस्त्री तो बसवायला पैठणला गेलो. मिस्त्रींनी पंपाच्या तोंडातलं लोखंडी बूच काढलं, आमच्या नळाच्या मापाचा निप्पल खिशातून काढला, आणि गेले उन्हात. परत आले ते दखनी बोलतच.

"नै बैठता. इसकी चूडी अलग है."

मी म्हटलं, "मिस्त्री, हाही एक इंची, तोही एक इंची."

"इंच तो इंच है. पर इंच में चूडी कित्ती? अपनी अकरा. इनकी साडेअकरा. दात भी इनका जरा चपटा है." त्यांनी जोडी माझ्या डोळ्यासमोर धरली. एका टोकाला आटे बरोबर बसले होते. दुसऱ्या टोकाला येईपर्यंत अर्ध्या आट्याचं अंतर पडलं होतं आणि मधून उन्हाची बारीक रेघ येत होती. "दिखा उजाला?"

मला दिसला. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहितो आहे. मला उजेड दिसला.

मिस्त्रींनी मग शांतपणे, मराठीत समजावलं. हातानं तीन आटे जातील, मग अडकेल. पान्ह्यानं रेटलं तर अजून अर्धा जाईल, पण पंपाचं तोंड आतून चिरेल. सूत-सफेदा भरपूर लावला तर गळणार नाही, अगदी थेंबसुद्धा नाही. "पन सूत पानी रोकतं साब, झटका रोकत नै. नाव चालली की थरथरनार. तवा सुटंल. आन हे जोड पाण्याच्या खाली हाय." उपायही त्यांच्याकडं होता. लेथवर एक निप्पल कापायचा, एका तोंडाला अकरा, दुसऱ्या तोंडाला साडेअकरा. "दो जबान बोलनेवाला पाहिजे. मी दोन जबान बोलतो ना? तसा." लेथ औरंगाबादला एका दोस्ताच्या कारखान्यात होता. दोन दिवस मागितले त्यांनी.

दोन दिवस! दोन महिने ज्या नावेकडं खात्यात कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं तिला दोन दिवस मिळेनात. कारण आमच्या साहेबांचे व्याही आले होते. व्याह्यांना आणि विहीणबाईंना धरणावरचे पक्षी बघायचे होते, उद्या सकाळी. साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अर्ध्या आट्यासाठी सरकारी काम अडवता? त्या मिस्त्रीला सांगा, कायम व्हायचंय ना?"

मिस्त्रींनी ऐकलं. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली, त्यातला मोठा पान्हा काढून माझ्या पायाशी ठेवला आणि म्हणाले, "मेरा हात नै लगेगा. तुमारेकू लगाना है तो लगाव." आणि औरंगाबादच्या एसटीला गेले. कायम होण्याची सही ज्या माणसाच्या हातात होती त्याच्यासमोरून ते पाठ फिरवून गेले. मला तेव्हा तो माणूस हेकट वाटला.

मी तेव्हा परिविक्षेवर होतो. मलाही कायम व्हायचं होतं. पान्हा मी उचलला.

तीन आटे हातानं गेले, पुढं पान्ह्यानं. लोखंड करकरलं ते मला अजून ऐकू येतं. भरपूर सूत गुंडाळलं, वर सफेदा थापला. काठाशीच उभ्या नावेत पाव तास इंजिन चालवलं. एक थेंब गळला नाही. मला इतका आनंद झाला की मी नावाड्याला, रंभाजीला, म्हटलं, "बघ, तुमचे मिस्त्री उगीच घाबरवतात." रंभाजी पैठणचाच भोई, पाण्यात जन्म गेलेला. तो नळाकडं बघत म्हणाला, "मिस्त्री उगं बोलनारा मानूस नाय साहेब." तळाचं भोक बंद करायची चावीही अजून बसली नव्हती. ती मागणीपत्रात होती, आणि मागणीपत्र कुठंतरी कुणाच्या तरी ट्रेमध्ये.

सकाळी आम्ही निघालो. साहेब, व्याही, विहीणबाई, मी आणि रंभाजी. वहीत लिहिलं, 'पाहणी दौरा'. अर्ध्या तासानं, पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांशी पोचलो तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "अहो, पायाला गार लागतंय." रंभाजीनं फळी उचलली. पंपाचं तोंड चिरलं होतं, नळ सुटला होता आणि तळातून पाणी उसळत होतं. साहेब उभे राहून ओरडायला लागले. मी काय केलं? काहीच नाही. मी त्या नळाकडं बघत बसलो.

रंभाजीनं डोक्याचा पटका सोडला, भोकात कोंबला आणि त्यावर हात दाबून व्याह्यांना नाव उथळाकडं वळवायला सांगितलं. इंजिन चालूच होतं. पंप फिरवणाऱ्या पट्ट्यात त्याच्या दुसऱ्या हाताची दोन बोटं गेली. त्यानं भोकावरचा हात काढला नाही. छातीभर पाण्यात नाव बसली. मासे धरणाऱ्यांच्या होड्या धावून आल्या आणि आम्ही सगळे जिवंत काठाला लागलो. विहीणबाईंची एक चप्पल गेली, त्याची हळहळ जीपमध्ये बसेपर्यंत चालली होती. रंभाजीच्या बोटांबद्दल कुणी बोललं नाही.

काठावर हबीब मिस्त्री उभे होते. पहिल्या एसटीनं आले होते. हातात रुमालाची गाठ. रंभाजीच्या हाताला गुंडाळलेलं लाल फडकं त्यांनी पाहिलं, साहेबांकडं पाहिलंच नाही. रुमाल सोडून त्यांनी तो निप्पल माझ्या पायाशी टाकला. नवाकोरा, एका तोंडाला अकरा, एका तोंडाला साडेअकरा.

"दो दिन मांगा था," ते म्हणाले. "एक दिन में बना. तुम एक दिन नै रुके."

शिवी नाही दिली. ज्या माणसानं गळक्या नळापायी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या त्यानं मला एक शिवी दिली नाही. मला ती हवी होती.

चौकशी झाली. बाहेरून एक अधिकारी आला, पंख्याखाली बसला. मिस्त्रींना बोलावलं तेव्हा त्यांनी पंपाचं ते बूच आणि खिशातला अकरा आट्यांचा निप्पल टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साब, दोन मिनिटं उन्हात चला. समदं दिसंल." अधिकारी हसला. उन्हात जायला तो काही उठला नाही. जबाबाखाली मिस्त्रींनी उर्दूत सही केली तर बाबू म्हणाला, ही चालणार नाही, अंगठा लाव. पाच चूडी मोजणारा तो अंगठा शाईत बुडवून घेतला.

मग मी. मला दोन प्रश्न विचारले. जोडणी कोणी केली? मी म्हणालो, "मिस्त्री कामावर हजर होते." खोटं नव्हतं ते. आदल्या दिवशी सकाळी होतेच की हजर. दुसरा प्रश्न, जोडणीत दोष असल्याचं तुमच्या निदर्शनास आलं होतं का? साहेब खिडकीशी पाठ करून उभे होते. मी म्हणालो, "नाही."

अहवालात लिहिलं, 'रोजंदारी मिस्त्री हबीब यांनी केलेल्या सदोष जोडणीमुळे.' खात्यानं त्यांचं नाव लिहिलं ते एवढंच. व्याह्यांचं नाव नाही, रंभाजीच्या बोटांचा उल्लेख नाही, चावीच्या मागणीपत्राचा नाही. मिस्त्रींची फाइल खाली आली. त्याच महिन्यात माझी वर गेली. त्यांना दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावरून काढलं. ज्या दिवशी पान्हा चालला त्या दिवशी ते औरंगाबादला लेथवर उभे होते हे सांगायला त्यांचा कारखानदार दोस्त दारात येऊन बसला होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही. मीही नाही.

नाव वर काढली. नवा पंप पुन्हा अमेरिकेचाच आला. मी टेबलाच्या खणातून तो दोन जबान बोलणारा निप्पल काढला आणि एकटाच पैठणला गेलो. कोरडा, हातानं फिरवला. एका बाजूला पाच आटे, दुसऱ्या बाजूला पाच, लोण्यात बोट जावं तसे. तिथंच नावेच्या तळाशी बसून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्या निप्पलवर ती नाव पुढं कितीतरी वर्षं चालली. रंभाजीनं उरलेल्या बोटांनी ती चालवली. पलीकडच्या बाया बाळंतपणाला त्याच नावेतून आल्या. तो निप्पल कुणी बनवला हे खात्याच्या एकाही कागदावर नाही.

मी मिस्त्रींकडं गेलो नाही. रस्त्यात दिसले तर गल्ली बदलली. निवृत्त झाल्यावर खात्याला पत्र लिहिलं, सगळं खरंखरं. उत्तर आलं की प्रकरण जुनं असून संबंधित फाइल नष्ट करण्यात आली आहे, सबब कार्यवाही आवश्यक नाही. सबब! तो कागद मी फाडला आणि त्याच रागात त्यांच्या घरी गेलो.

दार त्यांच्या मुलानं उघडलं. तो शेंद्र्याला कंपनीत होता, कायम. मिस्त्री अंगणात खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी नाव सांगितलं. मग उशाखाली हात घालून त्यांनी एक फडकं काढलं. त्यात पंपाचं तेच बूच होतं आणि त्यांच्या खिशातला तोच अकराचा निप्पल, तेल लावून जपलेले. चाचपडत त्यांनी दोन्हींचे आटे एकमेकांत बसवले आणि माझ्याकडं धरले.

"मेरेकू अब दिखता नै. तुम देखो. उजाला है?"

मी जोडी उन्हाला धरली. तीच बारीक रेघ.

"आहे," मी म्हणालो.

"उस दिन भी था?"

"होता, चाचा. मला दिसला होता."

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा चाचा म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता माफ करतील, निदान पाणी विचारतील. त्यांनी तुकडे माझ्या हातून घेतले, फडक्यात बांधले आणि म्हणाले, "इतकंच बोलायचं हुतं तुमाला. एक लफ्ज. त्याला इतकी वर्षं लागली?" त्यांचा आवाज चढला, अगदी पूर्वीसारखा. "अब कायकू आए? मेरेकू मालूम था. जिनकू मालूम नै था उनकू बोलना था! जाव. उनकू बोलो."

मुलानं मला दारापर्यंत सोडलं. त्यानंतर दोन महिन्यांत मिस्त्री गेले. मातीला मी गेलो होतो, मागच्या रांगेत उभा होतो.

ज्यांना सांगायला त्यांनी मला पाठवलं ते साहेब वारले, तो अधिकारी कुठं आहे ठाऊक नाही, फाइल नष्ट झाली. तेव्हा ज्यांना मालूम नाही असे आता तुम्हीच उरलात. त्या दोन प्रश्नांची उत्तरं इथं देतो. जोडणी मी केली, पान्हा माझ्या हातात होता, मिस्त्री हबीब त्या वेळी पैठणात नव्हते. आणि दोष माझ्या निदर्शनास आला होता का? होय. आला होता.